बाल संरक्षणाचा पैसा सांभाळताना: जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शक

बालगृहातल्या एका मुलाच्या देखभालीसाठी मिशन वात्सल्य या केंद्रपुरस्कृत बाल संरक्षण योजनेत महिन्याला ३,००० रुपये धरलेले आहेत. म्हणजे दिवसाला १०० रुपये. नाश्ता, दोन वेळचं जेवण, कपडे, औषधं, साबण, तेल हे सगळं त्यातच भागवायचं. घरी राहणाऱ्या गरजू मुलाला याच योजनेच्या प्रायोजकत्वातून महिन्याला ४,००० रुपये मिळतात, तर राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून २,२५०. रकमा लहान आहेत, आणि लहान असल्यामुळेच त्या उशिरा आल्या की थेट मुलाला झळ लागते. वडील नाहीत, आई शेतमजुरीला जाते, अशा घरात जूनचे पैसे सप्टेंबरात आले तर वह्या-पुस्तकं उसनवारीवर आणलेली असतात, नाहीतर मूल शाळेतच गेलेलं नसतं.

जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, बाल संरक्षण कक्षातले लेखापाल आणि बालगृहांचे अधीक्षक यांच्यापैकी जे नुकतेच रुजू झालेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. समाजकार्य शिकून आलेल्यांना हिशेबाची धास्ती वाटते आणि लेखा शाखेतून आलेल्यांना मुलांच्या फायली परक्या वाटतात. दोघांनाही माझं सांगणं एक आहे: मुलांची यादी आणि खर्चाची नोंद कायम जुळती ठेवायची आणि रक्कम त्या-त्या महिन्यात पोचवायची. या खात्यात आर्थिक नेतृत्व यालाच म्हणायचं. नियम, नमुने, देयकं हे सगळं त्यासाठी शिकायचं.

पैसा कुठून येतो, ते एका कागदावर मांडा

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवून टाका. जिल्ह्यात ‘महिला व बाल विकास’ नावाची दोन कार्यालयं असतात. जिल्हा परिषदेतलं कार्यालय अंगणवाड्या पाहतं. बालगृहं, निरीक्षणगृहं, बालसंगोपन, बाल कल्याण समिती हा कारभार पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाकडून येतो. दोघांचे पैशाचे रस्ते वेगळे, हिशेब वेगळे. लोक अर्ज घेऊन चुकीच्या दारात जातात, आणि कधीकधी पत्रव्यवहारही तसाच भलतीकडे जातो.

आता आपल्या बाजूचे प्रवाह. सर्वांत मोठा मिशन वात्सल्यचा. २००९-१० साली एकात्मिक बाल संरक्षण योजना म्हणून हे काम सुरू झालं, २०२१-२२ पासून त्याला आजचं नाव मिळालं आणि जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. कक्षातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचं मानधन, बाल कल्याण समिती आणि बाल न्याय मंडळाचा खर्च, संस्थांचं अनुदान, प्रायोजकत्व, प्रतिपालकत्व (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि अठरा वर्षांनंतरचं अनुरक्षण (संस्थेतून बाहेर पडलेल्यांना आधार) हे सगळं याच प्रवाहातून चालतं. दुसरा प्रवाह निव्वळ राज्याचा. बालसंगोपन योजना त्यातली. तो कोषागारातून येतो, आणि तुमच्या तरतुदीचा प्रधान लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातला खर्चाचा मुख्य क्रमांक) बहुतेक वेळा २२३५, सामाजिक सुरक्षा व कल्याण, हा असतो. तिसरा जिल्ह्यातलाच: जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बाल विकासासाठी राखलेला ३ टक्के निधी आणि जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातला १० टक्के. चौथा देणग्यांचा, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १०५ खालच्या बाल न्याय निधीचा.

या प्रत्येक प्रवाहापुढे पाच रकाने आखा: मंजुरी कोण देतं, पैसा कोणत्या खात्यातून निघतो, कशावर खर्च करता येतो, शिल्लक उरली तर तिचं काय होतं, हिशेब कोणाला द्यायचा. चौथा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात आणि मार्चमध्ये अडतात. कोषागाराची तरतूद ३१ मार्चला संपते. केंद्राच्या अनुदानाचं तसं नसतं. देणगीचे पैसे देणगीदाराच्या अटीप्रमाणे राहतात.

एका योजनेतून दुसऱ्या योजनेला ‘तात्पुरते’ पैसे देऊ नका. मानधन तीन महिने अडलंय, संस्थेचं अनुदान खात्यात पडून आहे, वळवून टाकू आणि नंतर भरू, असं कोणी ना कोणी सुचवतंच. हेतू चांगला असतो. पण संस्थेतल्या मुलांचं दूध त्याच महिन्यात लागतं, आणि ‘नंतर’ कधी येईल हे तुमच्या हातात नसतं.

मुलांची यादी आणि खातं जुळवा

हे काम सर्वांत किचकट आहे आणि सर्वांत मोलाचंही. पहिल्या महिन्यात दुसरं काहीच जमलं नाही तरी चालेल, हे करा.

तुमच्या कक्षात निदान तीन ठिकाणी मुलांचे आकडे असतात. बाल कल्याण समितीच्या आदेशांची नोंदवही, संरक्षण अधिकाऱ्याकडची लाभार्थ्यांची यादी आणि लेखापालाकडची भरणा-यादी. हे तिन्ही आकडे पहिल्या झटक्यात जुळले, असं क्वचितच घडतं. लेखापाल आणि संरक्षण अधिकारी यांना एका टेबलावर समोरासमोर बसवा आणि ओळीओळीने वाचायला लावा: मुलाचा क्रमांक, आदेशाची तारीख, आदेश कधीपर्यंत, जन्मतारीख, खातं कोणाच्या नावावर, शेवटची रक्कम कोणत्या महिन्याची आणि कधी जमा झाली.

वाचताना जे सापडेल त्याचे चार ढीग करा. पहिला, आदेश आहे पण पैसे सुरूच झाले नाहीत. दुसरा, पैसे जातात पण मूल अठरा वर्षांचं झालंय किंवा आदेशाची मुदत संपलीय. तिसरा, पैसे पाठवले पण परत आले. चौथा, एकाच मुलाला बालसंगोपन आणि प्रायोजकत्व अशा दोन्हीकडून रक्कम जातेय. लेखापरीक्षणात दुसरा आणि चौथा ढीग पकडला जातो, म्हणून कार्यालयं त्यांच्याकडे धावतात. माझ्या मते पहिला आणि तिसरा आधी हाती घ्यायला हवा, कारण तिथे मूल वाट पाहत बसलेलं असतं आणि त्याच्या वतीने आक्षेप काढणारं कोणी नसतं.

परत आलेल्या रकमांची कारणं ठरलेली असतात. व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय झालेलं असतं. आईच्या आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, असा फरक असतो. बँकांचं विलीनीकरण झालं की जुना आयएफएस कोड चालेनासा होतो. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून एक झाल्या. आपल्या लाभार्थ्यांची खाती ग्रामीण बँकेत पुष्कळ असतात, तेव्हा यादीतले कोड एकदा तपासून घ्याच.

आणखी एक प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. आधारवर आधारित भरणा सर्वांत शेवटी ज्या खात्याला आधार जोडलंय, तिथे जातो. शाळेने शिष्यवृत्तीसाठी मुलाचं नवं खातं उघडलं आणि आधार तिथे जोडलं, की तुमची रक्कम त्या खात्यात पडते. तुमच्या संगणकावर ‘यशस्वी’ दिसतं. आई मात्र जुनं पासबुक घेऊन दर महिन्याला बँकेत जाते आणि ‘पैसे आले नाहीत’ हे ऐकून परतते. म्हणून ‘यशस्वी’ या शब्दावर थांबू नका. दर महिन्याला काही कुटुंबांना क्षेत्रीय कार्यकर्त्यामार्फत विचारून घ्या: पैसे हातात पडले का?

ज्या जिल्ह्यांतून कुटुंबं ऊसतोडीला जातात, तिथे या पडताळणीची वेळ नीट निवडा. बीडसारख्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. केवायसी, हयातीचा दाखला, शाळेचं बोनाफाईड हे सगळं गणपतीच्या आधी उरकलं नाही, तर फेब्रुवारीत कोणाच्या दाराला कुलूप आहे आणि कोणाचं प्रकरण खरंच बंद करायचंय, हे कळायला मार्ग राहत नाही. अशा वेळी कागद नाही म्हणून पैसे थांबवले, तर आईबापांसोबत फडावर न जाता आजीकडे राहून शिकणाऱ्या मुलाचेच पैसे थांबतात.

अंदाजपत्रक मूल-महिन्यांत मांडा

पुढच्या वर्षाची मागणी करताना बहुतेक ठिकाणी आजची मुलांची संख्या घेतात, बाराने आणि दराने गुणतात आणि पाठवून देतात. समजा एप्रिलमध्ये प्रायोजकत्वाची ६० मुलं आहेत. ६० गुणिले १२ गुणिले ४,०००, म्हणजे २८ लाख ८० हजार. आता समजा दर महिन्याला सरासरी ५ नवी मुलं मंजूर होतात. मग मे महिन्यात ६५, जूनमध्ये ७० आणि मार्चमध्ये ११५. एका मुलाचा एक महिना म्हणजे एक मूल-महिना धरला, तर बारा महिन्यांची बेरीज १,०५० मूल-महिने होते आणि लागणारी रक्कम ४२ लाख. केंद्राचा वाटा २५ लाख २० हजार, राज्याचा १६ लाख ८० हजार. पहिल्या पद्धतीने मागणी केली असती तर १३ लाख २० हजार कमी पडले असते, आणि कमी पडण्याचा अर्थ असा की डिसेंबरअखेर पैसे संपून त्यानंतर मुलांना ‘तरतूद नाही’ असं सांगावं लागलं असतं. या उदाहरणातले आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे मागच्या दोन वर्षांच्या आदेशांवरून काढा. वर्षात अठरा पूर्ण करणारी मुलं वजा करायला विसरू नका, त्यांच्या जन्मतारखा तुमच्याकडे असतातच. आणि दर तपासून घ्या, कारण वर दिलेले मिशन वात्सल्यचे दर २०२२ च्या सूचनांमधले आहेत. तुमच्या टेबलावर त्यानंतरचं परिपत्रक असेल तर तेच धरायचं.

संस्थांचा हिशेब वेगळा करा. मुलं ५० असोत की ३२, अधीक्षक, काळजीवाहक, स्वयंपाकी आणि भाडं हे तसंच राहतं. दरमाणशी अनुदान मात्र मुलांबरोबर कमी होतं. स्थिर आणि बदलता खर्च वेगवेगळा मांडला नाही, तर अनुदान टिकवण्यासाठी मुलं संस्थेत ठेवण्याचा मोह आपणच निर्माण करतो.

इथे थोडं थांबतो, कारण अंदाजपत्रकातला खरा निर्णय हाच आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्ये तत्त्व लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय. पैसा मात्र सवयीने संस्थेकडे वाहतो. संस्था दिसते, तिची इमारत असते, तिचे विश्वस्त पाठपुरावा करतात. घरी आजीजवळ राहणाऱ्या मुलाच्या वतीने कोणी कार्यालयात येत नाही. अमेरिकेतही हा प्रश्न अनेक दशकं होता: सामाजिक सुरक्षा कायद्याच्या शीर्षक चार-ई खाली केंद्राचा पैसा मूल घरातून काढल्यावर वाहायचा, घर सावरायला नाही. २०१८ च्या फॅमिली फर्स्ट कायद्याने तो पैसा कुटुंब सावरणाऱ्या सेवांसाठी वापरायला वाट दिली आणि मोठ्या सामूहिक निवासांच्या खर्चावर मर्यादा आणली. आपल्याकडे कायद्यात वाट आधीच आहे. ती वापरायची की नाही, हे जिल्ह्याच्या प्रस्तावात प्रायोजकत्वाच्या ओळीत किती मूल-महिने लिहिलेत यावर ठरतं. केवळ गरिबीमुळे बालगृहात आलेली मुलं किती, त्यांतली किती ४,००० रुपयांच्या आधाराने घरी परत जाऊ शकतात, हा प्रश्न बाल कल्याण समितीसोबत बसून विचारा आणि उत्तर आकड्यात घाला.

खर्च महिन्यागणिक सारखा नसतो, हेही अंदाजपत्रकात दाखवा. जूनमध्ये गणवेश, दप्तरं, बूट. पावसाळ्यात औषधं. दिवाळीआधी कपडे, नोव्हेंबरात पांघरुणं. आणि नेमके एप्रिल ते जून हे महिने पैसा येण्याच्या दृष्टीने सर्वांत कोरडे. खरेदीची प्रशासकीय मान्यता आणि दरपत्रकं आधी तयार ठेवली, तर निधी येताच आठवड्यात माल येतो. नाहीतर गणवेश ऑगस्टमध्ये येतात.

पैशाचा प्रवास समजून घ्या

केंद्रपुरस्कृत योजनांसाठी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये नवी पद्धत घालून दिली आणि ती १ जुलै २०२१ पासून लागू झाली. राज्यात एका योजनेसाठी एकच नोडल, म्हणजे मध्यवर्ती, बँक खातं, आणि जिल्ह्यांना त्याखाली शून्य शिल्लक खाती. तुमच्या खात्यात पैसे पडून नसतात, खर्चाची मर्यादा मिळालेली असते. पीएफएमएस या केंद्राच्या पैसे वितरणाच्या संगणक प्रणालीवर लेखापाल देयक भरतो, अधिकारी तपासून डिजिटल स्वाक्षरी करतो, आणि मग रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात जाते. यापुढचा टप्पा म्हणून काही योजना ‘स्पर्श’ पद्धतीवर गेल्या आहेत, तिथे बँकेतलं नोडल खातंही मध्ये राहत नाही. तुमची योजना आज नेमकी कोणत्या पद्धतीवर आहे, ते रुजू होताच विचारून घ्या.

नोडल खात्याच्या या पद्धतीत केंद्र एका वेळी साधारण २५ टक्क्यांहून जास्त रक्कम सोडत नाही, आणि आधी सोडलेल्या रकमेच्या, केंद्र-राज्य दोन्ही वाटे धरून, ७५ टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. हा हिशेब राज्याचा होतो, एकट्या जिल्ह्याचा नाही. म्हणजे तुम्ही मर्यादा वापरली नाही, तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलाचाही पुढचा हप्ता लांबतो. ‘पैसे वाचवले’ असं म्हणून इथे कौतुक करून घेऊ नये. मर्यादा खरंच लागणार नसेल तर ती लवकर परत कळवा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे.

डिजिटल स्वाक्षरीची मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. अधिकारी बदलला, स्वाक्षरी संपली, नव्याची नोंदणी व्हायला वेळ लागला, आणि सगळ्या जिल्ह्याचा भरणा ठप्प झाला, हे टाळता येण्यासारखं आहे. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नव्याचा अर्ज गेलेला असावा.

राज्य निधीच्या बाजूला बीम्स या राज्याच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर तरतूद दिसते, आहरण व संवितरण अधिकारी (कोषागारातून पैसे काढण्याचे अधिकार असलेला) देयक काढतो, ते कोषागारात जातं. तिथे देयक आक्षेपासह परत आलं तर आक्षेप वाचून त्याच दिवशी दुरुस्त करा. एखादी सही किंवा मंजुरी आदेशाची प्रत राहिल्याने परत आलेलं देयक आठवडाभर कपाटात पडून राहणं, याला कोणतंही कारण पुरेसं नाही.

महिन्याला शिस्त लावा

मी सुचवतो ते वेळापत्रक साधं आहे. २५ तारखेला यादी गोठवायची: नवे आदेश आत, मुदत संपलेले बाहेर, बदललेली खाती दुरुस्त. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरणा. १० तारखेला परत आलेल्या रकमांची यादी क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या हातात. १५ पर्यंत रोकडवही आणि बँकेचा ताळमेळ. २० तारखेला कक्षाची बैठक, तिच्यात लेखापालाने पहिली पंधरा मिनिटं बोलायचं. किती मुलांचे पैसे पोचले, किती अडले, कशामुळे, कोण सोडवणार. ‘खर्च किती टक्के झाला’ हा प्रश्न त्यानंतर. निधी आलेलाच नसेल त्या महिन्यातही हे वेळापत्रक पाळा, म्हणजे निधी येताच दोन दिवसांत भरणा होतो.

रोकडवही रोजची रोज लिहा. यावर याहून अधिक लिहायची गरज नाही.

संस्थेचे कागद स्वयंपाकघरात वाचा

अनुदान सोडण्याआधी संस्थेची बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालची नोंदणी चालू आहे का, ते पाहा. नोंदणी पाच वर्षांची असते. मुदत संपत आलेल्या संस्थांना सहा महिने आधी पत्र द्या, कारण नोंदणी लटकली की अनुदान अडतं आणि भोगतात मुलं.

तपासणीला गेल्यावर कार्यालयात बसून खतावणी चाळण्याआधी स्वयंपाकघरात जा. दुधाची नोंदवही मागा आणि शेजारी हजेरीपट ठेवा. ४० मुलं, प्रत्येकी २०० मिली, म्हणजे रोज ८ लिटर. दिवाळीत १५ मुलं समितीच्या परवानगीने घरी गेली होती. त्या दिवसांत दूध ५ लिटर लागायला हवं. नोंदवहीत तेव्हाही ८ लिटर असेल, तर प्रमाणकं (खर्चाच्या पावत्या) कितीही नीट लावलेली असोत, ती हजेरी न बघता लिहिली आहेत. उलटही सापडतं: मुलं वाढली, दूध तेवढंच राहिलं. हा प्रकार जास्त गंभीर, आणि लेखापरीक्षणात तो क्वचितच दिसतो, कारण कागदावर कुठेच जादा खर्च नसतो.

त्याच वेळी संस्थेची बाजूही नीट ऐका. अनुदान सहा महिने आलं नाही तरी मुलं रोज जेवतात. तो किराणा उधारीवर आलेला असतो, आणि काही ठिकाणी विश्वस्तांनी पदरचे पैसे घातलेले असतात. दुकानदाराचं एकाच तारखेचं मोठं बिल दिसलं की लगेच संशय घेऊ नका, उधारीची वही मागा. प्रामाणिक संस्थेला हिशेबात मदत करणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे. लेखापालाला दोन दिवस तिथे पाठवून नोंदवह्या लावून दिल्या, तर पुढची तीन वर्षं दोघांचाही त्रास वाचतो.

उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे अनुदान घेणाऱ्या संस्थेने नमुना १२-अ मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यायचं असतं, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. बारा महिने ही बाहेरची मर्यादा झाली. तुम्ही जूनअखेर द्यायचं ठरवा, कारण पुढचे प्रस्ताव त्यावर अडतात.

नव्यांना इथे दोन गोष्टी हमखास अडतात. एक, संस्थेला दिलेली रक्कम म्हणजे खर्च नव्हे. संस्थेने ती वापरून हिशेब दिला की तो खर्च. दिलेली अग्रिम रक्कमही समायोजन होईपर्यंत खर्चात धरायची नाही. दोन, अनुदानावर मिळालेलं व्याज आपलं नसतं. हिशेब अंतिम झाल्यावर ते परत करायचं असतं, त्यातून पंखे किंवा खुर्च्या घ्यायच्या नाहीत, गरज कितीही खरी असो.

लेखापरीक्षण पथक आलं की कागद लपवण्याची घाई करू नका. अर्धसमास ज्ञापनाला, म्हणजे पथकाने लेखी विचारलेल्या प्रश्नांना, ठरल्या मुदतीत, कागद जोडून, सरळ भाषेत उत्तर द्या. जिथे चूक आहे तिथे ती मान्य करून वसुली किंवा दुरुस्ती कधी होईल ते लिहा. लेखापरीक्षण अहवालांतले जुने प्रलंबित परिच्छेद, म्हणजे न मिटलेले आक्षेप, वर्षानुवर्षं ‘अनुपालन सादर करण्यात येत आहे’ या एका वाक्यावर पुढे सरकत राहतात. त्यातले दोन-तीन दर तिमाहीला निकाली काढायचं ठरवा.

कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने प्रत्येकी ५ लाखांची मुदत ठेव केली, त्या ठेवींची नोंदवही वेगळी ठेवा. पावती क्रमांक, मुदत, मुलाचा आजचा पत्ता, सांभाळणारं कोण. ही मुलं काका-मामांकडे, गावोगावी विखुरली आहेत. पैसे हाती यायची वेळ येईल तेव्हा त्यांना शोधणं तुमच्या नोंदीवर अवलंबून असेल.

नावं जपा, माणसं जपा

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भरणा-यादी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणं, लाभार्थ्यांची नावं फलकावर लावणं, देणगीदारासोबत मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो छापून आणणं, हे सगळं त्यात येऊ शकतं. देणगीदाराला छायाचित्र हवंच असेल तर नव्या खोलीचं द्या, पुस्तकांच्या कपाटाचं द्या. गटावर पाठवायची यादी फक्त क्रमांकांची असावी.

कक्षातले बहुतेक सहकारी कंत्राटी मानधनावर आहेत. क्षेत्रीय कार्यकर्ता स्वतःच्या दुचाकीत स्वतःच्या पैशाने पेट्रोल घालून पाड्यावर जातो, आणि त्याच्या प्रवासाचं देयक चार महिने टेबलावर राहतं. गृहभेटींचा दर्जा घसरला अशी तक्रार करण्याआधी ते देयक काढा. मानधन केव्हा येणार हे ठाऊक नसेल, तर ‘ठाऊक नाही, अमुक पत्र अमुक तारखेला गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

जिल्ह्यातला पैसा मागायला शिका

वरून येणाऱ्या निधीत दुरुस्ती, सौरऊर्जा, मुलींच्या निवासाला कुंपण, समुपदेशनाची खोली अशा गोष्टी बसत नाहीत. त्यासाठी जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी आहे. तो पडून राहतो किंवा भलत्या कामांना जातो, कारण बाल संरक्षणाच्या बाजूने प्रस्तावच वेळेत जात नाहीत. जिल्हाधिकारी हेच जिल्ह्यातल्या या यंत्रणेचे प्रमुख, आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिवही तेच. म्हणजे मागणी ऐकणारा माणूस तुम्हाला दर महिन्याच्या बैठकीत भेटतोच.

प्रस्ताव एका पानाचा ठेवा. किती मुलांना उपयोग, काम कोणतं, सार्वजनिक बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक, जागा कोणाच्या मालकीची, देखभाल कोण करणार. जागेचा उतारा आणि बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्यांचा पाठपुरावा पावसाळ्यातच सुरू करा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याच्या बैठका हिवाळ्यात होतात. नियोजन अधिकाऱ्यांना आधी जाऊन भेटा, त्यांच्या नमुन्यात प्रस्ताव भरा आणि पोच घ्या. जिल्हा परिषदेच्या १० टक्के निधीसाठी महिला व बाल कल्याण समितीच्या सभापतींना एकदा बालगृह दाखवायला न्या. मुलं शाळेत असतील अशी वेळ निवडा.